मिरासदार नव्हे, उपरी!

‘कायम’ या शब्दाचा आम्हा मास्तर मंडळींना भारी अनुभव आहे. महाराष्ट्र सरकारने २००१ सालापासून ‘कायम विनाअनुदानित’ नावाच्या शाळा काढू दिल्या. या शाळांना अनुदान मिळणार नाही, आणि ते कधीच मिळणार नाही, असा त्या नावाचा अर्थ. पुढे २००९ साली सरकारनेच त्यातला ‘कायम’ हा शब्द खोडला. शब्द गेला, अनुदान काही त्याच्या पाठोपाठ धावत आले नाही. तेव्हापासून सरकारी कागदावर ‘कायम’ हा शब्द दिसला, की तो कोणाच्या सोयीने लिहिलेला आहे हे मी आधी पाहतो. मग ते सरकार आपले असो की परक्याचे!

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे दिवाळी. दिवाळीच्या सुमारास आमच्या बाळापुरात आणि आसपासच्या खेड्यांत अमेरिकेची, कॅनडाची मुले येतात. शेगावच्या किंवा अमरावतीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली, तिकडे नोकरीला लागलेली, हुशार आणि गुणी मुले. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला ती आपल्या लेकरांना दाखवतात, मिर्झा राजा जयसिंगाच्या छत्रीपाशी उभी राहून फोटो काढतात, शेगावला जाऊन महाराजांचे दर्शन घेतात. आणि एखादा मुलगा मोठ्या अभिमानाने सांगतो, “मास्तर, आईबाबांचे ग्रीन कार्ड झाले. आता ते तिकडचे कायमचे रहिवासी.” पेढे वाटले जातात. मीही पेढा खातो आणि विचारतो, “मग आता ते तिकडेच राहणार?”

“छे हो! त्यांना तिकडे कुठे करमते? शेत आहे, घर आहे. ते इथेच राहणार. सहा महिन्यांतून एकदा तिकडे पाय लावून आले की झाले.”

सुज्ञ वाचकहो, या ‘पाय लावून येण्या’वर मला आज लिहायचे आहे. सणासुदीच्या अंकात गोड लिहावे असा संकेत आहे हे मी जाणतो. पण ज्या घरांत हा अंक वाचला जाईल त्यांतल्या कितीतरी घरांचा एक पाय परदेशात आहे, आणि सारी मंडळी एका छपराखाली बसून बोलण्याची वर्षातली संधी हीच.

आपल्या जुन्या गावगाड्यात, विशेषतः देशावर, शेतकऱ्यांचे दोन प्रकार असत. एक मिरासदार, दुसरा उपरी. मिरासदाराचा गावच्या जमिनीत वंशपरंपरेचा हक्क असे. दुष्काळात, दंग्याधोप्यात तो परागंदा झाला, वर्षानुवर्षे परमुलखात राहिला, तरी त्याची मिरास बुडत नसे. परत येऊन, बाकी चुकती करून तो आपली जमीन मागू शके. उपऱ्याचे तसे नव्हते. तो कसतो आहे तोवर शेत त्याचे. गाव सोडला की संबंध सरला. गावात त्याला मान असेल, त्याचे घर असेल, दावणीला बैल असतील. पण त्याचा हक्क त्याच्या हजेरीला टांगलेला. अमेरिकेच्या बाबतीत बोलायचे तर नागरिक हा मिरासदार आणि ग्रीन कार्डवाला हा उपरी. नागरिक वीस वर्षे बाळापुरात येऊन राहिला तरी त्याच्या देशाला त्याच्यासाठी दार उघडावेच लागते. कार्डवाल्याला मात्र दारातच विचारतात, बाबा रे, तू राहतोस कुठे? ‘कायमचा रहिवासी’ या दोन शब्दांपैकी आपली माणसे ‘कायमचा’ एवढाच शब्द वाचतात. कायदा वाचतो तो ‘रहिवासी’ हा शब्द. सारा घोटाळा इथे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. मी मॅट्रिक झालेला मास्तर आहे, वकील नव्हे. पण जे उघड छापलेले आहे ते वाचायला वकिलीची सनद लागत नाही. १८० दिवसांहून अधिक काळ सलग बाहेर राहून आलेल्या कार्डवाल्याला अमेरिकेचा कायदा नव्याने प्रवेश मागणाऱ्यांच्या रांगेत उभे करू शकतो. एक वर्ष बाहेर काढले की ते कार्ड परतीचा कागद म्हणून चालत नाही. मग मुंबईच्या विमानतळावरच विमान कंपनी हात वर करते. एवढा काळ बाहेर राहायचे आधीच ठरले असेल, तर ‘रीएन्ट्री परमिट’ नावाचा कागद घ्यावा लागतो. तो दोन वर्षांपर्यंतचा मिळतो. पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा असतो, बाळापुरात ओट्यावर बसून नव्हे. आणि काही अचानक आपत्तीमुळे वर्ष उलटून गेले, जसे २०२० च्या मार्चात विमाने बंद पडल्यावर अनेकांचे झाले, तर वकिलातीत ‘परतणाऱ्या रहिवाशाचा’ वेगळा व्हिसा मागता येतो. तिथे सिद्ध काय करायचे? की मी निघालो तेव्हा परतण्याच्या इराद्याने निघालो होतो, आणि राहिलो तो माझ्या हाताबाहेरच्या कारणाने राहिलो. “तूर घरात यायची होती” हे कारण त्या खिडकीवर चालत नाही.

या १८० दिवसांवरून आपल्या मंडळींनी एक शोध लावला आहे. सहा महिने पुरे होण्याच्या आत जाऊन यावे, पासपोर्टावर शिक्का पाडून घ्यावा, की कार्ड जिवंत! जणू काही ते कार्ड म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला नारळ मागणारे एखादे दैवत आहे. हा शोध कोणी लावला माहीत नाही; पण तो अकोल्याच्या ट्रॅव्हल एजंटापासून थेट तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीपर्यंत सगळीकडे छातीठोकपणे सांगितला जातो. त्याला मी वर्गात शून्य मार्क देईन. १८० दिवस ही कायदा विचारपूस सुरू करतो ती रेघ आहे. त्या रेघेच्या अलीकडे कोणी काही विचारणारच नाही, असे कुठेही लिहिलेले नाही.

हे मी पदरचे सांगत नाही. १९७५ साली अमेरिकेच्या इमिग्रेशन अपिलांच्या मंडळापुढे जमैकाच्या एका बाईचे प्रकरण आले होते. बाई वर्षातले अकरा महिने जमैकात राहून आपली खाणावळवजा राहण्याची जागा चालवीत, आणि एक महिना अमेरिकेत जात. हिशेब चोख होता; वर्ष कधी भरू दिले नव्हते. मंडळाने त्यांना परतणारी रहिवासी मानले नाही. तेव्हा जे तीन प्रश्न त्या निकालात आले ते आजही तसेच विचारले जातात: तुम्ही बाहेर गेलात ते कशासाठी? परत कधी यायचे ते जाताना ठरले होते का? आणि तुमचे खरे घर, तुमचा रोजगार कुठे आहे? आता आमच्या बाळापूर तालुक्यातल्या बापूंना हे तीन प्रश्न विचारा. बापू खरे बोलणारा माणूस. तो सांगेल, “सायब, घर तं माहं गावातच हाये. अठी पोराकडे पाव्हना आलो.” झाले! एका सरळ वाक्यात बापूंनी आपले कार्ड आपल्या हाताने पुसून टाकले. खोटे बोलला असता तर कदाचित सुटला असता. ज्या व्यवहारात माझ्या गावच्या म्हाताऱ्याला खरे बोलण्याची भीती वाटावी, तो व्यवहार त्याच्या गळ्यात बांधणाऱ्या मुलाला मी सुपुत्र म्हणू कसा?

असा एक गृहस्थ माझ्या माहितीतला आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तिकडच्या एका विमानतळावर त्याला आतल्या खोलीत बसवले. बायको शेजारी, मुलगा बाहेर ताटकळत. रात्रभराचा प्रवास, साखरेचा आजार, पोटात अन्न नाही. तीन-चार तासांनी एक कागद समोर आला. “थ्या सायबानं बोट ठेवलं अन् म्हणे, अठी सही कर. म्या केली. मले काय वाचता येते, मास्तर?” तो कागद म्हणजे आय-४०७ नावाचा फॉर्म. आपण आपले रहिवासीपण राजीखुशीने सोडून देत आहोत, असे त्यावर लिहिलेले असते. राजीखुशीने! जन्मात ज्याने सावकाराच्या कागदावरही दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवला नाही, त्या बापाच्या लेकाने त्याला हजारो मैलांवर या खोलीत नेऊन बसवले, आणि आत काय विचारतील याचे एक अक्षर आधी सांगितले नाही. २०२५ च्या मार्च महिन्यात असल्या बातम्या वर्तमानपत्रांतून आल्या; मुलांकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्या भारतीयांवर या सहीसाठी दडपण आणले जाते, असे तिकडचे वकील सांगू लागले. तेव्हा गावोगाव हळहळ झाली. पण हा फॉर्म २०२५ साली जन्मलेला नाही.

तेव्हा हे प्रत्येक घरात पाठ असले पाहिजे. ही सही ऐच्छिक आहे. नुसते फार दिवस बाहेर राहिले म्हणून दारावरचा अधिकारी आपल्या एकट्याच्या अधिकारात रहिवासीपण काढून घेऊ शकत नाही. माणसाला इमिग्रेशनच्या न्यायाधीशापुढे उभे राहण्याचा हक्क आहे, आणि तिथे रहिवासीपण सोडले हे स्पष्ट पुराव्याने सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. त्या खोलीत वकील बोलावण्याचा हक्क सहसा मिळत नाही, म्हणून हे घरातूनच शिकून निघायला हवे. दुभाषा मागावा. न वाचता सही करू नये. “मला न्यायाधीशापुढे जायचे आहे” एवढे एक वाक्य इंग्रजीत घोकून घ्यावे. माझ्या चौथीतल्या मुलाला ते एका तासात पाठ होते, आजोबांनाही होईल. मात्र ज्याचे घर, संसार, सारे काही इकडेच आहे, त्याला हा हक्क तरी किती दिवस वाचवणार? न्यायाधीशही शेवटी तेच तीन प्रश्न विचारणार.

कॅनडाची तऱ्हा निराळी आहे, आणि आपल्याकडे लोक दोन्ही देश एकाच पिशवीत घालतात. तिथे इरादाबिरादा नंतर. आधी दिवस मोजतात. मागच्या पाच वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष त्या भूमीवर काढलेले असले पाहिजेत. सलग नसले तरी चालतील. आपला नवरा किंवा बायको कॅनडाची नागरिक असेल तर तिच्यासोबत बाहेर काढलेले दिवसही धरतात. पण नागरिक मुलासोबत बापाने बाहेर काढलेले दिवस धरत नाहीत, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. कार्डाची मुदत संपली म्हणजे रहिवासीपण संपले असे नाही. पण कार्डावाचून विमानात चढता येत नाही, आणि त्यासाठी इथून प्रवासाचा कागद मागायला गेले की दिवस मोजले जातात. कमी भरले की नकार. त्यावर साठ दिवसांत अपील. जवळ चालू कार्ड असून विमानातून उतरला आणि दिवस कमी निघाले, तर अधिकारी त्याला आत सोडतो, पण अहवाल लिहितो. पुढे देश सोडण्याचा हुकूम निघाला तर तीस दिवसांत अपील. अपिलात माणुसकीची कारणे ऐकून घेतात, एवढे त्या कायद्याच्या पदरात टाकले पाहिजे. ऑस्ट्रेलियाने आणखी मौज केली आहे. तिथले रहिवासीपण कायमचे, पण त्याच्याबरोबर येण्याजाण्याची सवलत पाच वर्षांची. आत बसून राहा, कोणी हात लावणार नाही. पाच वर्षांनंतर देश सोडलात तर परतण्याचा वेगळा व्हिसा मागा. विलायतेत दोन वर्षे सलग बाहेर काढली की मुक्कामाची परवानगी आपोआप बुडते. चार देशांचे चार हिशेब. आणि आपला हिशेब एकच: पाय लावून या!

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही उगाच घाबरवता. इतकी वर्षे लोक जातात-येतात, काही होत नाही. होत नाही ते होईपर्यंत. चे चान पिंग नावाचा एक चिनी मजूर १८७५ पासून बारा वर्षे सॅन फ्रान्सिस्कोत राहिला होता. १८८७ च्या जूनमध्ये तो मायदेशी गेला. जाताना त्याने परतीचा सरकारी दाखला रीतसर घेतला होता. त्यात काही खोट नव्हती. १८८८ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला अमेरिकेने नवा कायदा करून असले सारे दाखले रद्द केले. चे चान पिंग तेव्हा जहाजावर होता. आठवडाभराने तो बंदरात पोचला, दाखला पुढे केला, आणि त्याला उतरू दिले नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १८८९ साली निकाल त्याच्या विरुद्ध गेला. फार जुनी गोष्ट झाली म्हणता? २०१७ च्या २७ जानेवारीला सात देशांच्या लोकांना बंदी करणारा हुकूम निघाला, तेव्हा पहिले काही दिवस ग्रीन कार्डवालेही विमानतळांवर अडकले. त्यांना तो लागू नाही असा खुलासा १ फेब्रुवारीला आला. म्हणजे घरून निघताना असलेला नियम उतरताना असेलच, याची हमी उपऱ्याला नसते. ज्याने नियम काटेकोर पाळला तोही जर असा सापडतो, तर ज्याचा पायाच कच्चा आहे त्याने कशाच्या भरवशावर निघावे?

गोऱ्यांचा कायदा दुष्ट म्हणून बोटे मोडण्यातही अर्थ नाही. आपला कायदा काही वेगळा विचार करत नाही. मतदारयादीचे काम सरकार मास्तराच्याच गळ्यात मारते, त्यामुळे घरोघर फिरून ‘इथे राहतो कोण’ हे विचारण्याचा धंदा मी वर्षानुवर्षे केला आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्वच्छ लिहिले आहे की, एखाद्या ठिकाणी केवळ घर आपल्या मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासीपण जातही नाही. तात्पुरता हा शब्द महत्त्वाचा. पुण्याला मुलाकडे गेलेल्या म्हातारीचे नाव ठेवायचे की वगळायचे, यावर मी ओट्याओट्यांवर वाद घातले आहेत. कुलूप पाहायचे, अंगणातले गवत पाहायचे, शेजाऱ्याला विचारायचे. अमेरिकेचा अधिकारी वेगळे काय करतो?

आणि याहून कडू गोष्टही आपल्या घरात घडलेली आहे. फाळणीनंतर १९४८ च्या जुलैत आपल्या सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिटे सुरू केली. तात्पुरत्या भेटीचे परमिट वेगळे, कायमच्या परतीचे वेगळे. जो १९४७ च्या मार्चनंतर तिकडे स्थलांतर करून गेला, त्याला आपल्या घटनेच्या सातव्या कलमाने नागरिक मानले नाही. कायमच्या परतीचे परमिट घेऊन आला तरच मानले. कोणी भावाला भेटायला गेला होता, कोणी दंग्याच्या भीतीने. परतताना घाईत तात्पुरत्या भेटीचा कागद हाती आला, आणि जन्मगावात मुदतीचा पाहुणा झाला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातले, नागरिकालाही देशाबाहेर काढण्याचा अधिकार देणारे कलम रद्द केले. पण तोवर माणसे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. चुकीचा कागद घेऊन सीमा ओलांडली की काय होते, हे या देशाने स्वतःच्या अंगणात पाहिले आहे. फरक एवढाच की, त्या माणसांवर काळाने घाला घातला होता. आमच्या बापूंवर हा प्रसंग त्यांच्या लेकाने हौसेने आणला.

हौसेने हा शब्द मी जाणून वापरतो. मुले वाईट नाहीत. पण आईबापांचे कार्ड काढण्यामागची कारणे त्यांनी एकदा आरशासमोर उभे राहून तपासावीत. सुनेचे बाळंतपण आहे. पाहुण्यांच्या व्हिसावर साधारण सहाच महिने राहता येते. कार्ड काढले की मुदतीची कटकट नाही. दुसरे बाळंतपण येते. मग नातवंडे शाळेत जाऊ लागतात, आणि आजी हळूहळू रिकामी होते. तिला भाषा येत नाही, गाडी चालवता येत नाही, दिवसभर काचेतून रस्ता पाहते. ती म्हणते, मला घरी जाऊ दे. मुलगा म्हणतो, जा, पण सहा महिन्यांत ये, नाहीतर कार्ड जाईल. म्हणजे कार्ड आईसाठी राहिले नाही, आई कार्डासाठी राहिली! सत्तरीच्या बाईने गुडघे धरून वर्षातून दोनदा वीस-वीस तास आकाशात बसायचे, कशासाठी, तर एक प्लॅस्टिकचा तुकडा मरू नये म्हणून. माझ्या कादंबरीत असे पात्र घातले असते तर संपादकांनी अतिरंजित म्हणून परत केले असते.

शिवाय एक गोष्ट मुलेसुद्धा बोलत नाहीत. कार्ड आहे तोवर अमेरिका त्या माणसाला करापुरता आपला समजते, आणि जगभरातले उत्पन्न विचारते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. तिकडे अशी सूट नाही. बापूंच्या सोयाबीनचे, कपाशीचे, बँकेतल्या ठेवीच्या व्याजाचे, सारे तिकडच्या विवरणात दाखवायचे. इकडच्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम वर्षात कधीही असली तर तेही वेगळे कळवायचे. न कळवले तर दंडाची तलवार. आणि ‘मी तिकडचा रहिवासी नाही’ असे लिहून विवरण भरले, तर रहिवासीपण सोडल्याचा आयता पुरावा आपणच दिला. बापू आणि अमेरिकेचे कर खाते! किती घरांत हे माहीत आहे, एकदा विचारून पाहा.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे कार्ड नेमके हवे तेव्हा हाती नसते. पारस स्टेशनाच्या बाजूच्या एका खेड्यात अशी एक माउली आहे. नवराबायको दोघांची कार्डे होती. तीन वर्षे ती दोघे गेली नाहीत. त्यांना इथेच सुख होते, आणि त्यात काय गैर? मग नवरा गेला. दहावा-तेरावा आटोपून मुलगा म्हणाला, आई, आता चल माझ्यासोबत. आईही तयार झाली. पण ते कार्ड चालत नव्हते. आणि पाहुणी म्हणून व्हिसा मागावा तर वकिलात आधी जुन्या कार्डाचा निकाल लावा म्हणते. मुलाची रजा संपली. तो गेला. आता मुलाने पुन्हा पहिल्यापासून अर्ज केला आहे. तो नागरिक आहे, म्हणून आईबापांसाठी संख्येची मर्यादा आड येत नाही. पण त्याला महिने नव्हे, वर्षही लागते. तोवर ती बाई भल्या मोठ्या वाड्यात एकटी दिवा लावते. जेव्हा जायचे नव्हते तेव्हा कार्ड होते. जायचे झाले तेव्हा नाही.

म्हणून या दिवाळीत आलेल्या चिरंजीवांना माझे सांगणे आहे. फराळाची ताटे उचलली की आईबापांचे पासपोर्ट काढा आणि शिक्के मोजा. मग आईला विचारा, बापाला वेगळे विचारा. बाप आईच्या वतीने बोलतो त्याला उत्तर समजू नका. विचारताना “कार्ड ठेवायचे का” असे विचारू नका. “तुला कुठे राहायचे आहे” असे विचारा. ती म्हणाली, “मले तुह्यापाशीच राहाचं हाये,” तर उत्तम. मग तिला खरीखुरी तिकडे न्या, घर तिचे करा, तिच्या नावचे बँकेचे खाते, कराची विवरणे, डॉक्टर, सारे तिकडे असू द्या. इकडे येईल ती पाहुणी म्हणून येईल. वर्षभर राहायचे असेल तर निघण्याआधी परमिट घ्या. पाच वर्षांनी ती पात्र होईल तेव्हा नागरिकत्वाचाही विचार करा, म्हणजे उपरीपणाची कटकट कायमची मिटेल. इथे मी हा शब्द वापरतो.

आणि ती म्हणाली, “माह्यं इथंच बरं हाये, बाबा,” तर तिचा शब्द माना. कॅनडात असाल तर तिथे आईबापांसाठी ‘सुपर व्हिसा’ आहे; २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते, विमा तेवढा घ्यावा लागतो. मात्र कॅनडाचे रहिवासीपण सोडण्याआधी दोनदा विचार करा, कारण आईबापांचा तिकडचा अर्ज पुन्हा लागेलच असे नाही. तिथे आधी निमंत्रण यावे लागते. अमेरिकेचे तसे नाही. तिथे तोच आय-४०७ फॉर्म, जो बापूंच्या पुढे रात्रभर जागवून सरकवला गेला, तो घरी बसून, मराठीत समजावून सांगून, चहा पीत भरता येतो. तो कार्डासह पोस्टाने पाठवतात. त्याला फी नाही. त्याची पोच जपून ठेवा. पुढे पाहुण्यांचा व्हिसा मागताना ती दाखवावी लागते.